पाच वर्षांची हमी नको, रोजचा जाब हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. तेव्हापासून ‘एकदाच काय तो थेट राष्ट्राध्यक्ष निवडून द्या, थेट मुख्यमंत्री निवडून द्या, मग पाच वर्षे त्याला कोणी हात लावायचा नाही’ हे मत लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या मीटिंगला आणि वाचकांच्या पत्रांतही सारखे कानावर येते. त्यामागचा संताप मला कळतो. मत दिले एका चिन्हावर आणि सरकार आले भलतेच, हे कोणाला आवडेल? पण सुचवला जाणारा उपाय घातक आहे, आणि माझे हे मत माझ्या रोजच्या कामातून बनले आहे.

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातल्या एका निर्यातदाराकडे मी कागदपत्रांचे काम करते. शिपिंग बिल, फायटो (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला), बँकेचे कागद. आमचा बराचसा कांदा न्हावा शेवाहून कोलंबोला जातो. २०२२ च्या सुरुवातीला तिथल्या जुन्या, पैशाला चोख पार्ट्या सांगू लागल्या की माल थांबवा, बँकेत डॉलर नाहीत, एलसी (पैसे देण्याची बँकेची हमी) उघडत नाही. एप्रिलमध्ये श्रीलंकेने परकीय कर्जफेड थांबवली. मे महिन्यात पंतप्रधान महिंदा राजपक्षे यांनी राजीनामा दिला, तेव्हा मी तिथल्या एका व्यापाऱ्याला म्हटले, आता सुटलात. तो म्हणाला, ‘मॅडम, हा गेला त्याने काय होणार? ज्याने निर्णय घेतले तो बसलाच आहे, आणि त्याला काढायची वाटच नाही.’

त्याचे म्हणणे खरे होते. १९७८ च्या राज्यघटनेने श्रीलंकेत थेट जनतेतून निवडलेला, सर्वाधिकारी राष्ट्राध्यक्ष आणला. पंतप्रधान असतो, पण दुय्यम. २०२० मधल्या विसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्या हाती आणखी अधिकार आले. २०२१ मध्ये त्यांनी रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली, भाताचे पीक कोसळले, आणि काही महिन्यांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. आपल्याकडे असा कारभार करणाऱ्याचे बहुमत सभागृहात एका दुपारी जाऊ शकते. तिथे राष्ट्राध्यक्षावर साधा अविश्वास ठराव चालत नाही. महाभियोगाला दोन-तृतीयांश मते लागतात, शिवाय सर्वोच्च न्यायालयाची चौकशी. शेवटी ९ जुलै २०२२ ला लोक राष्ट्रपती भवनात घुसले, १३ जुलैला गोटाबाया लष्करी विमानाने मालदीवला पळाले आणि दुसऱ्या दिवशी सिंगापूरहून राजीनामा धाडला. ठरलेल्या मुदतीने देशाला दिलेले स्थैर्य ते हेच.

याउलट १७ एप्रिल १९९९ आठवा. वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. कोणी रस्त्यावर रणगाडे आणले नाहीत. काळजीवाहू म्हणून राहिलेल्या त्याच सरकारच्या काळात कारगिलचे युद्ध लढले गेले, मग निवडणूक झाली आणि तेच पंतप्रधान पुन्हा निवडून आले. सरकार पडले, देश पडला नाही.

दक्षिण कोरियाचे उदाहरण तर अगदी ताजे. राष्ट्राध्यक्षही थेट निवडलेला, संसदही थेट निवडलेली, आणि एप्रिल २०२४ नंतरही संसदेत बहुमत विरोधकांचेच. दोघेही म्हणणार, जनता माझ्या पाठीशी आहे. हा तिढा सोडवायला मधला मार्ग नसतो. राष्ट्राध्यक्ष यून सक-योल यांनी ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री लष्करी कायदा पुकारला, सैनिक संसदेच्या इमारतीत शिरले. कित्येक खासदार कुंपणावरून उड्या टाकून आत पोहोचले आणि हजर असलेल्या सर्व १९० जणांनी तो हुकूम उठवण्याच्या बाजूने मत दिले. तरीही पहिला महाभियोग फसला, कारण सत्ताधारी खासदार सभागृहातून निघून गेले. १४ डिसेंबरला दुसरा २०४ मतांनी मंजूर झाला, ४ एप्रिल २०२५ ला घटनात्मक न्यायालयाने एकमताने यून यांना पदावरून काढले. त्या खासदारांना माझा सलाम आहे. पण ते अर्धा तास उशिरा पोहोचले असते तर? पेरूमध्ये ५ एप्रिल १९९२ ला राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी संसद बरखास्त केली आणि लष्कर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तिथे ते चालून गेले.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना हे स्पष्टच सांगितले होते. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, स्थैर्य कमी. आणि मसुद्याने जाणूनबुजून जबाबदारीला झुकते माप दिले आहे. प्रश्न, ठराव, चर्चा यांतून सरकारचा रोज हिशेब घेतला जातो, हे त्यांना मोलाचे वाटले. नवी मुंबईकरांना ते वेगळे समजावून सांगायला नको. मे २०२० मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार चालला. साडेपाच वर्षे सभागृहात उभे राहून जाब विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. कारभार अतिशय स्थिर होता, यात शंका नाही.

मग पक्षफोडीचे काय? तिचे औषध घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात आहे आणि तेच आपण अर्धवट ठेवले आहे. जून २०२२ च्या अपात्रतेच्या अर्जांवर विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचाच असताना वेगळे काय होणार! सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच म्हटले होते की असे अर्ज साधारणपणे तीन महिन्यांत निकालात निघावेत, आणि हे काम अध्यक्षांकडून काढून निवृत्त न्यायाधीशांच्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा. नवी मुंबईतले ऐरोली आणि बेलापूर ठाणे लोकसभा मतदारसंघात येतात. आमच्या खासदारांनी ही दुरुस्ती निदान खासगी विधेयक म्हणून मांडावी, आणि ते मांडणार की नाही हे आपल्या वार्ताहराने त्यांना विचारून उत्तर छापावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, सानपाडा, नवी मुंबई