तक्रार करायची कुठे, ते तरी कळू द्या

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीचा अग्रलेख वाचला. त्याचा सारा भर कंपन्यांमधील, तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर आहे. पण अशी समिती नसलेल्या, दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात, दवाखान्यात किंवा घरकामाला जाणाऱ्या बाईने कुठे जायचे? २०१३च्या कायद्यात तिच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तालुक्यात, वॉर्डात तक्रारी स्वीकारणारा नोडल अधिकारी नेमावा आणि त्याने तक्रार ७ दिवसांत समितीकडे पाठवावी, असेही त्यात म्हटले आहे. तरीही या समित्या ३१ जानेवारी २०२५पर्यंत स्थापन करा, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२४मध्ये, गोव्यातून आलेल्या प्रकरणात, बजावावे लागले. कायदा होऊन ११ वर्षे उलटल्यावर! तक्रारीची मुदत मात्र ३ महिने, समितीला पटले तर आणखी ३. अधिकारी शोधण्यातच ती संपायची. आमच्याकडच्या बहुतेक सोसायट्यांच्या फलकावर कामवाल्या बायकांनी कोणती लिफ्ट वापरू नये, हे ठळक अक्षरांत असते. या अधिकाऱ्याचे नाव कुठेच नसते. ते नाव आणि मोबाइल क्रमांक वॉर्ड कार्यालय, रेशन दुकान, अंगणवाडी आणि सोसायटीच्या फलकावर लावण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढावा. त्यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहावी लागणार नाही.

– एक वाचक, डोंबिवली