गरवायला या, पण तंगूस परत न्या

महोदय,

थंडी पडू लागली की शनिवारी दुपारपासूनच कर्लीच्या खाडीवर बाहेरगावच्या गाड्या दिसायला लागतात. नेरूरपारच्या पुलापासून खाली देवबागपर्यंत काठाकाठाने माणसे गळ टाकून बसलेली असतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मी स्वतः कुडाळला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की मुलाला घेऊन माहेरी खाडीवर गरवायला जाते. आठवडाभराचा शीण दोन तासांत उतरतो. हे सुख बाहेरून येणाऱ्यालाही मिळावे.

बाबांनी मला गरवायला शिकवले ते हातानेच. फळकुटाला गुंडाळलेला तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, शिशाचे वजन, गरीला म्हणजे गळाच्या आकड्याला सोललेली कोळंबी आणि तर्जनीवरून सोडलेली दोरी, एवढीच सामग्री. काळुंदर आली की बोटाला नुसत्या टिचक्या लागतात, घाई केली की कोळंबी गेलीच. तांबोशी मात्र एकच हिसका देते आणि थेट कांदळाच्या मुळांत घुसते. तिथे तंगूस अडकतो, माणूस वैतागून तोडतो आणि नवा बांधतो. तुटलेला तिथेच राहतो. नायलॉन काही कुजत नाही.

मागच्या महिन्यात असाच एक पाणकावळा कांदळाच्या फांदीला उलटा लटकलेला दिसला. पंखाला आणि पायाला तंगुसाचे सात-आठ वेढे होते. मुलाने माझी ओढणी टाकून त्याला धरले, मी ब्लेडने एकेक वेढा कापला. शेवटचा पायाच्या कातडीत रुतला होता. सोडल्यावर तो उडाला नाही, पोहतच पलीकडे गेला. मग आम्ही गरवणे ठेवले बाजूला आणि काठ वेचला, तर तासाभरात पिशवी भरली.

दुसरे सांगायचे ते पिल्लांचे. खाडीतली वीतभर तांबोशी म्हणजे पोरच. ती कांदळवनात वाढते, मोठी झाली की समुद्रातल्या खडकांकडे जाते आणि अंडी घालते ती तिकडे. फोटोपुरती मारलेली वीतभर तांबोशी एकदाही व्यालेली नसते. राज्य सरकारने २०२३ साली समुद्री माशांच्या ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पोटासाठी जाळे टाकणाऱ्याने लहान मासा सोडायचा, तर हौसेने आलेल्याने का नाही? गरीचा उलटा काटा पकडीने दाबून बसवला की मासा सहज सुटतो. त्याला धरताना हात ओले करावेत, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा रोगाला बळी पडतो.

काठावरच्या ग्रामपंचायतींनी गरवण्याच्या जागी तुटलेला तंगूस जमा करायला एकेक जाड पाइप उभा करावा. रॉड भाड्याने देणाऱ्यांनी तुटलेला तंगूसही परत मागावा. खर्च फार नाही.

बाबांच्या फळकुटावर एक खाच आहे. मासा तिच्यापेक्षा आखूड भरला तर परत पाण्यात, हा आमच्या घरचा नियम. गेल्या रविवारी मुलाने चार मासे मापले. तीन तांबोशा सोडल्या आणि एक काळुंदर घरी आणली. तिघांना पुरली.

– एक वाचक, कुडाळ