ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकारी मॅडमना

मॅडम, नमस्कार.

मायला उजव्या डोळ्यानं आता चांगलं दिसतं. परवा मी निवडून ठेवलेल्या कापसातून तिनं पुन्हा पसाभर कवडी, म्हणजे खराब कापूस, काढली आणि वर मलाच बोलली, "इतकी घाण राह्यली, तुले दिसत नाई काय?"

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आभार आहेतच. पण हे पत्र ओपीडी संपल्यावर तुम्ही आमच्यासाठी थांबलात, त्यासाठी आहे.

मी शहरातल्या एका दवाखान्याचं पत्रक घेऊन आलो होतो. 'रोबोटिक मोतीबिंदू' असं वर, आणि खाली वेचणीचा सगळा पैसा गिळेल असा आकडा. तुम्ही त्या दवाखान्याला नावं ठेवली नाहीत. पत्रकाच्याच मागे डोळ्याचं चित्र काढून समजावलंत. अशा जाहिरातीतली मशीन बहुतेक वेळा फेम्टोसेकंद लेझर असते. संगणक डोळ्याचा नकाशा घेतो, लेझर भिंगाच्या पिशवीला गोल तोंड पाडतो, मोतीबिंदूचे तुकडे करतो. ते तुकडे बाहेर काढणं आणि नवीन भिंग बसवणं मात्र सर्जनच्याच हाती. फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये शेकडो रुग्णांवर तुलना झाली, तेव्हा या लेझरनं नजर नेहमीच्या फेकोपेक्षा, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्यापेक्षा, सरस आली नाही, हेही सांगितलंत. त्यात मायचा मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला, बाहुली औषध टाकूनही नीट पसरेना. तिला छोट्या छेदाचं, बिनटाक्याचं ऑपरेशनच बरं, असं तुमचं मत पडलं.

माय मध्येच म्हणाली, "माह्या डोयात मशीन एकटीच घुसते काय बाप्पा?" तुम्ही हसला नाहीत. खरा रोबोट कुठं लागतो ते तिला सांगितलंत. 2016 मध्ये ऑक्सफर्डला रॉबर्ट मॅकलॅरेन यांनी नेदरलँड्समध्ये बनलेल्या रोबोटच्या हातानं डोळ्याच्या आत, पडद्यावरची साल काढली. ती साल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढीच जाड. इतक्या बारीक कामात निष्णात माणसाच्या हाताचा कंपही जास्त होतो. रोबोट तो गाळतो आणि सर्जनची मोठी हालचाल अगदी लहान करून आत पोचवतो. सर्जननं दांडी हलवली नाही तर तो जागचा हलत नाही. मायला एवढंच हवं होतं.

मला विचाराल तर असा हात नागपूरला जरूर यावा. पण आपल्याकडं आधी पडदा तपासून घ्यायला माणसं यायला पाहिजेत, आणि मोतीबिंदूसाठी लोक अजून हिवाळ्याची वाट पाहत बसतात. आम्हीही दिवाळीनंतरचंच बोलत होतो. ऋतूचा काही संबंध नाही, हे तुम्ही सांगितल्यावर थांबलो नाही.

शेजारच्या काकांना बरीच वर्षं शुगर आहे, डोळ्यांचा पडदा एकदाही तपासलेला नाही. "दिसते ना मले" म्हणून टाळतात. मायनं त्यांना तयार केलंय. येत्या मंगळवारी घेऊन येतो. थेंब टाकल्यावर गाडी चालवता येणार नाही, म्हणून मीच सोबत असेन.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातला एक कापूसवाला