बेळगावच्या त्या ताईला

ताई,

तुझं नाव मला ठाऊक नाही. मराठी बोलतेस की कन्नड, तेही नाही. सीमेचं भांडण पुरुषमाणसांनी घालावं, आपलं नातं निराळं आहे.

कोल्हापुरात रात्री दोन वाजता मला कळा सुरू झाल्या, तेव्हा 31 आठवडेच झाले होते. विसाव्या आठवड्यात सोनोग्राफीत गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजली होती. 25 मिलिमीटरच्या खाली गेली की धोका धरतात, माझी चांगली 34 होती. तरी ही वेळ आली. सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या, 'सातव्यातलं जगतं गं, आठव्यातलं नाही.' (हे साफ खोटं आहे. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या कामीच येतो. पण त्या रात्री माझाही विश्वास बसला होता.)

डॉक्टरांनी डेक्सामेथासोनचं इंजेक्शन काढलं. सहा मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी चार वेळा. टोचायचं आईला, तयार व्हायची बाळाची फुप्फुसं. 'बाळाला काही होणार नाही ना?' मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, 'बेळगावच्या बायकांनी आधी घेऊन बघितलंय.'

तेव्हा मला ते नुसतं धीर देणं वाटलं. खरं काय ते नंतर वाचलं. न्यूझीलंडमध्ये 1972 सालीच याच जातीचं एक औषध लागू पडलं होतं. पण 2015 मध्ये गरीब देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात उलटंच दिसलं, बाळं दगावण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं. आपल्याकडच्या दवाखान्यांत द्यावं की नाही, सगळेच बुचकळ्यात पडले. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत पुन्हा तपासलं. 2,852 बायका तयार झाल्या. त्यात बेळगावची तू.

निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषधाविना नुसतंच इंजेक्शन. कुणाला काय मिळालं ते टोचणारीलाही माहीत नाही. कळा येत असताना, पोटातलं बाळ अपुरं असताना, तू 'चालेल' म्हणून सही केलीस किंवा अंगठा उठवलास. मला जमलं असतं? नाही, खरंच सांगते.

2020 मध्ये निकाल आला. नुसतं इंजेक्शन मिळालेल्यांत शंभरांतली 23.5 बाळं पहिल्या महिन्यात गेली, औषधवाल्यांत 19.6. फायदा दिसल्यावर अभ्यास आधीच थांबवला. या दोन आकड्यांत तुझं बाळ कुठे आहे, हे मला कधीच कळणार नाही. तुला नुसतंच इंजेक्शन मिळालं असेल, तर तुझे उपकार कोणत्या तोंडाने मानू?

माझं चौथं इंजेक्शन दुसऱ्या दिवशी दुपारी झालं, पोरगी तिसऱ्या दिवशी पहाटे आली. 1,450 ग्रॅम. सोळा दिवस काचेच्या पेटीत होती, पण श्वास स्वतःचा घेत होती.

बारशाला मी एक ओटी जास्तीची काढून ठेवली. खण, नारळ, तांदूळ. शेजारच्या काकूंनी विचारलं, 'ही कुणाची गं, कुणी यायचं राहिलंय का?'

'बेळगावची आहे,' म्हटलं.

तुझी,
कोल्हापूरची एक आई