घर एक, चुली दोन

लाइपझिग,
१२ ऑक्टोबर

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

येथील मुख्य रेल्वे स्थानकाविषयी सविस्तर लिही, असे तू बजावले होतेस, म्हणून काल अख्खी दुपार तिथेच घालवली. पूर्वेच्या दालनातून आत शिरलो, फलाटांसमोरच्या लांबरुंद मंडपातून हिंडत पश्चिमेच्या दालनातून बाहेर पडलो, आणि आलो तिथेच परत आलो की काय, असे क्षणभर वाटले. इतकी ती दोन्ही सारखी आहेत.

हे जुळेपण हौसेचे नाही, भाऊबंदकीचे आहे. लाइपझिग सॅक्सनी या जर्मन राज्याचे असले तरी प्रशिया या दुसऱ्या जर्मन राज्याच्या गाड्याही येथे येत. निरनिराळ्या मार्गांची वेगवेगळी स्थानके मोडून एकच बांधायचे ठरले, पण हक्क कोणीच सोडेना. मग १ ते १३ फलाट प्रशियाचे, १४ ते २६ सॅक्सनीचे, आणि प्रवेशदालने, तिकीटखिडक्या, प्रतीक्षालये सारे दुहेरी! १९०६ च्या स्पर्धेत आलेल्या ७६ आराखड्यांतून ड्रेस्डेनच्या विल्यम लोसो आणि माक्स हान्स क्यूने यांची निवड झाली. त्यांनी हा वाटा-हिस्सा २९८ मीटर लांबीच्या एकाच दर्शनी भिंतीआड अशा बेमालूमपणे झाकला की, बाहेरून पाहणाऱ्याला त्यात फक्त डौल दिसावा. मला तर यातच त्यांचे खरे कसब वाटते.

काम १९०९ मध्ये सुरू झाले आणि महायुद्ध चालू असताना, १९१५ च्या डिसेंबरात पुरे झाले. गंमत पाहा, १९२० मध्ये जर्मन राज्यांच्या रेल्वे एकत्र झाल्या आणि ज्या वाटणीपायी एवढा खटाटोप केला, तिचे कारणच उरले नाही.

७ जुलै १९४४ च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात मंडपाचे छत कोसळले. पूर्व जर्मनीच्या राजवटीने पुढे १९६५ पर्यंत सारे पुन्हा उभे केले, तेही दोन्ही दालनांसकट. १९९७ मध्ये मंडपाची जमीन खोदून खाली दुकानांचे मजले काढले. तिथली वर्दळ मला काही रुचली नाही, पण तिच्यामुळे इमारत नांदती राहिली, हे मान्य करावे लागते. गाड्या येथे येऊन उलट्या फिरत. २०१३ पासून शहराखालच्या बोगद्यातून लोकल गाड्या थेट पलीकडे जातात.

फलाट २४ वर आता जुनी इंजिने मांडून ठेवली आहेत. तू आलास की आधी तिकडेच जाऊ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव