पुण्याच्या तापकीर गल्लीतील ताईंना, 'मोजलेले नाही' या दोन शब्दांसाठी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले किंवा इलेक्ट्रॉनिक भागांच्या आपल्या दुकानाचे नाव कुठेही लिहू नये, असे आपण निरोप देताना बजावले होते, आणि ते मी पाळतो आहे. आभार मात्र जाहीरपणेच मानायचे आहेत, कारण ज्यांनी आधी हात झटकले त्यांच्याही वाचनात हे पत्र यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आम्ही तासगाव भागातील द्राक्षबागायतदारांसाठी बोअरच्या मोटारीचे ड्राय-रन कंट्रोलर बनवतो. पाणी संपले की रिले (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सुटावा आणि मोटार थांबावी, एवढेच त्याचे काम. रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरचा नवा लॉट आल्यापासून काही रिले ओढेनात, म्हणजे चालूच होईनात, आणि जे ओढत ते सुटेनात. द्राक्षवेलींच्या उन्हाळी खरड छाटणीनंतरच्या उन्हात कोरड्या बोअरमध्ये मोटार चालू राहणे म्हणजे काय, हे बागायतदाराला सांगावे लागत नाही. पुरवठादाराला सांगावे लागते, आणि सांगूनही उपयोग होत नाही. "डेटाशीट पाहा," म्हणजे भागाचा माहितीकागद पाहा, असे उत्तर आले, सोबत तीच पीडीएफ पुन्हा आली, आणि दुसऱ्या कोणाचीच तक्रार नाही, अशी पुस्तीही जोडलेली होती. एका मोठ्या हुद्द्याच्या गृहस्थांनी तर नग हातातही न घेता आमच्या सोल्डरिंगवर ठपका ठेवला.

आपण नग हातात घेतलात. भिंग लावून अक्षरे वाचलीत आणि म्हणालात, हा पीएन२२२२ए नव्हे, पी२एन२२२२ए आहे. मधल्या एका दोनाने पाय उलटतात: सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर पहिल्यात डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असतात आणि दुसऱ्यात कलेक्टर, बेस, एमिटर. पुरवठादाराने पाठवलेल्या कागदावर नंबर दुसऱ्याचा आणि आकृती पहिल्याची होती. सात-बारा एकाच्या नावाचा आणि जमीन भलत्याची, तसलाच प्रकार. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर अजिबात चालला नसता तर चूक लगेच उघड झाली असती, पण तो अर्धवट चालतो, हेच खरे दुखणे आहे. उलट दिशेने त्याचा गेन, म्हणजे प्रवाह वाढवण्याची क्षमता, अगदी थोडा उरतो, म्हणून काही रिले ओढत नाहीत. आणि एमिटर-बेस जोडाची उलट्या व्होल्टेजची मर्यादा सहा व्होल्ट असल्यामुळे बारा व्होल्टच्या सर्किटमध्ये तो बंद अवस्थेतही वाट देतो, रिलेच्या कॉइलवर काही व्होल्ट शिल्लक राहतात, आणि एकदा ओढलेल्या रिलेला धरून ठेवायला तेवढे पुरतात.

हे निदान मोलाचे होतेच. परंतु त्याहून मोठी वाटते ती आपण नंतर केलेली एक लहानशी गोष्ट. आमच्या बोर्डवरचे इतर भागही आपण विचारून घेतलेत आणि बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने त्यांची आकृती काढून दिलीत: ७८०५ आणि ७८एल०५ या व्होल्टेज रेग्युलेटरांचे इनपुट-आउटपुट कसे उलटे, २एन७००० आणि बीएस१७० या मॉसफेट जातीच्या ट्रान्झिस्टरांचे सोर्स-ड्रेन कसे उलटे. पहिल्या दोघांशेजारी आपण 'मोजले' असे लिहिलेत, आणि शेवटच्या दोघांपुढे, क्षणभर थांबून, 'मोजलेले नाही, कागदावरून' असे लिहिलेत. ते लिहिले नसते तरी मला कळले नसते. समोर त्रासलेला, आपण म्हणाल त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायला तयार असलेला माणूस उभा असताना स्वतःच्या खात्रीची हद्द इतक्या सहजपणे आखून देणारे किती जण भेटतात?

चूक छापली जाते, यात नवल नाही. मायक्रोकंट्रोलर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यासुद्धा आपल्या चिपमधील दोषांची यादी वेगळी काढून प्रसिद्ध करतात, आणि ती वाचताना त्यांच्याविषयी आदर वाढतोच. चीड येते ती दुसऱ्याचा कागद न तपासता पुढे ढकलणाऱ्यांची. लहान ओएलईडी डिस्प्लेच्या पाठीवर, प्रोग्रॅमने त्याला हाक मारण्यासाठी, ०एक्स७८ हा पत्ता छापलेला असतो आणि बहुतेक प्रोग्रॅममध्ये ०एक्स३सी द्यावा लागतो, कारण छापलेला आकडा आठ बिटांचा आणि लागणारा सात बिटांचा असतो. एक ओळ खुलासा छापायला काय हरकत आहे? नवशिकी मुले यापायी चांगला डिस्प्ले बिघडला समजून टाकून देतात. ज्याला माहीत आहे त्याने ते सांगावे, आणि ज्याला माहीत नाही त्याने तसे म्हणावे, इतका साधा सभ्यपणा या धंद्यात दुर्मीळ व्हावा, याचे वाईट वाटते.

आपल्या कागदावरचे ते दोन्ही भाग आम्ही इथे मोजले. एक बरोबर निघाला. दुसऱ्याचे पाय आमच्या लॉटमध्ये वेगळे आहेत, तेव्हा आपल्याकडच्या नगांवरही एकदा मीटर लावून पाहावा, ही विनंती. पुरवठादारालाही आम्ही सविस्तर लिहून कळवले आहे. त्यांच्या पीडीएफमध्ये आजही डावीकडे एमिटरच आहे.

आपला ऋणी,
सांगली जिल्ह्यातील एक लघुउद्योजक