शिसवी वोल्तेरच्या दुरुस्तीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
जुने फर्निचर दुरुस्ती विभाग

विषय : दुरुस्तीला दिलेली खुर्ची बिघडवल्याबद्दल तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

आमच्या डिचोलीच्या घरातली आजोबांची वोल्तेर, म्हणजे रुंद हातांची आरामखुर्ची, मे महिन्यात तुमच्या माणसांनी टेंपोतून नेली. चवथीपूर्वी देतो म्हणालात, ती चवथ होऊन पंधरा दिवसांनी आली. चवथीला सगळं घर जमतं आणि सोप्यावर ती नव्हती, तेवढं आम्ही सोसलं. उशिरासाठी मी पत्र लिहिलं नसतं. पण जी परत आली ती आमची खुर्ची राहिलेली नाही.

नेताना तिची तीनच दुखणी होती. मागचा डावा पाय खालून चार बोटं वाळवीने खाल्लेला, उजव्या हाताचा सांधा ढिला, आणि बसायची वेताची वीण मधोमध फाटलेली. अंदाजपत्रकावर मी स्वतः लिहिलं होतं : खाल्लेला तुकडा तेवढा काढून शिसवाचाच जोड द्यावा, वीण हाताने करावी, पॉलिश चपड्याचं करावं, आणि उजव्या हातावरच्या शाईच्या डागाला हात लावू नये. खाली तुमच्या माणसाची सही आहे. प्रत सोबत जोडली आहे.

तो डाग आजोबांच्या दौतीचा. पोर्तुगीज अमदानीत गावची माणसं अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडे येत, आणि ते खुर्चीच्या त्या रुंद हातावर कागद ठेवून लिहीत. मनगट टेकून टेकून तिथे लाकडाला खळगा पडला होता. लहानपणी मी त्यात चिंचोके ठेवायची. तुम्ही मशीन फिरवून डागही घालवलात आणि खळगाही. आईला आता कमी दिसतं. तिने हात फिरवून पाहिला आणि विचारलं, "ही कुणाची गो?"

चपड्याचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणून ओरखडा पडला तर तेवढाच भाग पुन्हा सारखा करता येतो. तुम्ही चढवलेला पीयूचा (पॉलियुरेथेनचा) चकचकीत थर स्पिरिटला दाद देत नाही. तो उतरवायचा तर जहाल रसायन लावा किंवा पुन्हा घासा, म्हणजे आणखी लाकूड जाणार. ढिला सांधा सरसाने बसवलेला होता. ऊब आणि ओलावा दिला की सरस सुटतो, सांधा उकलून, साफ करून परत बसवता येतो. त्यात तुम्ही दोन लोखंडी स्क्रू घातलेत आणि वरून लांबी (पुटी) भरलीत. आमच्याकडच्या पावसाळी हवेत ते गंजणार आणि भोवतीचं लाकूड काळं पडणार.

पाय तर अख्खाच बदललात, तोही शिसवाचा नाही. खुर्ची आडवी करून बघितली, तळाला रंग पोचलेला नाही, तिथे लाकूड पिवळसर आहे. बसायच्या जागी यंत्रावर विणलेली तयार जाळी, ती दाबायला चौकटीत नवी खाच पाडलेली, आणि वेत ओवायची जुनी भोकं बुजवलेली.

शाईचा डाग परत येणार नाही हे मला कळतं, त्यामुळे खुर्ची पुन्हा दुरुस्त करून देण्याची तयारी दाखवू नका. तुमच्या कोणाचाही हात मी तिला लागू देणार नाही. मी दिलेले २२,००० रुपये पूर्ण परत करा. आमचा मूळ पायही परत द्या. वाळवी फक्त खालच्या चार बोटांत होती, वरचा कातीव भाग टणक होता आणि जाणता सुतार तो पुन्हा जोडू शकतो. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. नेण्याआधीचे फोटो माझ्याकडे आहेत.

पाय फेकून दिला असेल, तर कधी आणि कुठे टाकला ते लेखी कळवा. मी स्वतः जाऊन शोधीन.

आपली ग्राहक,
डिचोली, गोवा

सोबत : अंदाजपत्रकाची प्रत, पावती, आधीचे व नंतरचे फोटो